ओढ्यातला पाच फुटी साप

आमच्या व्याह्यांना ओढ्यावर साप चावला तेव्हा मी त्यांना सोडून पळालो नव्हतो, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. मी पळालो होतो.

नुसता पळालो नव्हतो. एक चप्पल चिखलात सोडून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि हातात खेकड्यांची बादली, अशा थाटात पळालो होतो. (माणूस सोडला, बादली नाही सोडली!) वय त्या वेळी सदुसष्ट. कंपनीच्या स्पर्धांत मी लिंबू-चमच्याच्या शर्यतीतही कधी शेवटची रेघ गाठली नव्हती. पण त्या सकाळी कुरुळीच्या ओढ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत मी जो सुटलो, तो पाहून कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून बाजूला झाली.

आता माझं वय सत्तर आहे, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत आणि सगळं स्वच्छ दिसू लागलं आहे. त्यात माझी लबाडीही दिसू लागली आहे. म्हणून हे लिहितो.

मूळ दोष माझ्या जिभेचा. मी लातूरकडचा. तळवड्याला येऊन एका कारखान्याच्या, पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं काढली. माझ्या मुलाचं लग्न कुरुळीच्या अश्विनीशी ठरलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत तिचे वडील सोपानराव मला म्हणाले, "पाव्हणं, खेकडं खाता का?"

"खातो? अहो, धरतो!" मी म्हणालो.

का म्हणालो, देव जाणे! आमच्या गावच्या नदीला वर्षातले आठ महिने पाणीच नसायचं. खेकडा मी पहिल्यांदा पाहिला तो पंचांगात, कर्क राशीच्या चित्रात. बायकोने खालून माझ्या पायावर पाय दिला, पण बाण सुटला होता. सोपानरावांचे डोळे असे चमकले, की मुलगी उजवण्यापेक्षा त्यांना जोडीदार मिळाल्याचाच आनंद जास्त झालाय असं मला वाटलं.

आणि तसंच होतं. सोपानराव म्हणजे मूळचे शेतकरी. जमिनीवर आता गोदामाच्या शेड उभ्या आहेत. शेडच्या मागून ओढा जातो, आणि तेवढा ओढाच काय तो त्यांचा उरला होता. लहानपणापासूनचा त्यांचा खेकड्यांचा जोडीदार मुलाबरोबर रावेतला राहायला गेला, अकराव्या मजल्यावर. "आता तितं काय खेकडं लिफ्टनं येनार?" सोपानराव खिन्नपणे म्हणायचे. एकट्याने ओढ्यात उतरायचं नाही हा त्यांचा नियम. त्यामुळे दोन पावसाळे त्यांचं खेकड्यांचं डालगं खुंटीला टांगलेलं होतं.

लग्नाला सहा महिने झाले आणि भाद्रपदातल्या एका सकाळी त्यांचा फोन आला. "पाव्हणं, पाणी निवळलंय. येताय नव्हं?"

बायको म्हणाली, "अहो, खरं सांगून टाका."

"त्यात काय! तीस वर्षं दोनशे टनी प्रेसमध्ये हात घातलाय. खेकड्याचं काय घेऊन बसलीस?"

"प्रेस बंद करून घालत होतात. खेकडा बंद करता येतो का?" ती म्हणाली. मी जुनी पँट शोधली.

ओढ्यावर पोचल्यावर सोपानरावांनी आधी मला काठावर बसवलं. अंगठी काढायला लावली, घरी कुठपर्यंत जाणार ते सांगून आलात का विचारलं, आणि मग धडा सुरू झाला. खेकड्याचं बीळ काठाच्या पोटाशी, पाण्यालगत असतं. हात घालणारा वर काठावर पालथा झोपतो आणि खाली हात सोडतो, त्यामुळे बिळाचं तोंड त्याला दिसतच नाही. ते दिसतं पाण्यात उभ्या असलेल्या जोडीदाराला.

"त्यानं सांगायचं, मग ह्यानं हात घालायचा. ताजी माती, नख्यांच्या रेघा, म्हंजी खेकडा. गुळगुळीत, घासलेलं तोंड, म्हंजी दुसरा कुनीतरी. कळलं?"

"अहो, हे काय मला सांगता!" मी म्हणालो.

"आन् येक. कळलं न्हाई तर 'म्हाईत न्हाई' म्हनायचं. लाजायचं न्हाई. आपन फुडं जायचं, बिळं काय कमी हायती? पन 'म्हाईत न्हाई' म्हनायला लाजनारा जोडीदार लई वाईट बगा. त्याच्यापरीस येकट्यानं उतरल्यालं बरं."

मी मान डोलावली. ज्याने आयुष्यात कधी 'माहीत नाही' म्हटलं नाही, असा माणूस तुम्ही पाहिला आहे का? नसेल तर तळवड्याला या, चहा पाजतो!

त्यातून आणखी एक भानगड होती. माझा चष्मा. पाण्यात पडायला नको म्हणून (आणि व्याह्यांसमोर म्हातारा दिसायला नको म्हणूनही) तो मी काठावरच काढून शर्टाच्या खिशात ठेवला होता. चष्म्याशिवाय मला ओढ्याचा काठ म्हणजे एक तपकिरी भिंत दिसत होती आणि तिच्यात सगळीकडे बिळं. किंवा कुठेच नाही.

पण नशीब बघा! पहिल्या बिळाशी सोपानराव पालथे झोपले आणि वरून ओरडले, "काय दिसतं?"

"खेकडाच!" मी ठणकावून सांगितलं.

त्यांनी हात घातला आणि काळाकुट्ट, तळहाताएवढा खेकडा वर काढला. दुसऱ्या बिळाला मी म्हणालो, "नर आहे!" नर निघाला! तिसऱ्या बिळाला म्हणालो, "हा जरा रागीट वाटतो." (बिळाबाहेरून!) सोपानराव काठावरून खाली वाकून माझ्याकडे इतक्या आदराने बघू लागले, की मलाच खरं वाटायला लागलं. बादलीत सात खेकडे झाले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "धा वर्सं आधी कुटं हुता तुमी?"

त्यांचा चेहरा त्या वेळी एखाद्या शाळकरी मुलासारखा झाला होता. तो चेहरा मला अजून आठवतो, म्हणून तर सगळा त्रास आहे.

आठवं बीळ. सोपानराव पालथे. "काय दिसतं?"

मला काहीही दिसत नव्हतं. ढग आला होता. मी डोळे बारीक केले, मोठे केले, एक मिटून पाहिला.

"घाला बिनधास्त!" मी म्हणालो.

त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि "आयाऽऽ गं!" करून अशी किंकाळी फोडली की शेडच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. त्याच क्षणी माझ्या पायाशी पाण्यात काहीतरी हललं. काळं, लांब, जाड, वळवळणारं. आणि ते माझ्याच दिशेने येत होतं!

"साऽऽप!"

पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. चप्पल, पँट, बादली.

पहिल्यांदा मी थांबलो तो गोदामाच्या गेटवर. तिथला वॉचमन म्हणाला, "काय झालं, काका?"

"साप! व्याह्यांना चावला!"

"केवढा?"

"तीन फूट!"

चहाच्या टपरीवरची माणसं धावली. कुणीतरी छोटा टेम्पो काढला. "केवढा होता, भाऊ?" ड्रायव्हरने विचारलं, आणि मी म्हणालो, "चार तरी असेल!" सगळे ओढ्याकडे पळाले. सोपानराव काठावर शांत बसून बोट चोखत होते. त्यांना काही बोलू न देता चौघांनी उचललं आणि टेम्पोत आडवं केलं. हालचाल करायची नाही, विष भिनतं, असं सगळ्यांनी एकदम सांगितलं.

"आरं, खेकडा हाय, खेकडा!" सोपानराव म्हणाले.

आणि खरंच होता! कारण मी त्यांच्या उशाशी ठेवलेली बादली पहिल्याच स्पीडब्रेकरला कलंडली होती, आणि सातही खेकडे टेम्पोभर पसरले होते. आता टेम्पोत एकूण नऊ माणसं. त्यांतला हलायचं नाही असा एकच, तो स्वस्थ पडला होता. बाकीचे आठ जण नाचत होते!

"खेकडा हाय म्हनतोय न्हवं!" सोपानराव पुन्हा ओरडले.

"व्हय बाबा, दिसत्यात आमाला! तुमी हलू नका!" वॉचमन फाळक्यावर चढून म्हणाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोट पाहिलं, नाडी पाहिली, डोळे पाहिले. "लक्षणं तर काहीच दिसत नाहीत," ते म्हणाले. "साप नक्की पाहिला का कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका पायात चप्पल, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि एवढा सगळा गाव माझ्या शब्दावर इथवर आलेला!

"या डोळ्यांनी पाहिलाय!" मी म्हणालो. "पाच फुटी!"

डॉक्टरांनी सोपानरावांना विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

सोपानरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "व्याही म्हणत्यात तर आसंल."

"मग उद्या सकाळपर्यंत ठेवून घेऊ," डॉक्टर म्हणाले.

इथपर्यंत एकवेळ माफ आहे. माणूस घाबरतो. पण तेवढ्यात त्यांचा मुलगा सचिन कंपनीतून शिफ्ट अर्धी टाकून आला, मागोमाग माझी सून अश्विनी आली, रडून रडून डोळे लाल. सचिनने खाटेला धरून विचारलं, "पण बाबा, बीळ न बघता हात घातलाच कसा तुमी? आयुष्य गेलं की तुमचं ह्याच्यात!"

अश्विनी माझ्याकडे बघत होती. लग्नाला सहा महिने झालेली पोर. मला 'पप्पा' म्हणायची सवय तिला नुकती लागली होती. तिच्यासमोर मी म्हणालो,

"मी म्हणत होतो, नका घालू. त्यांनी ऐकलं नाही."

सोपानरावांनी डोळे उघडले. मला वाटलं, झालं, आता संपलो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे कूस वळवून म्हणाले, "व्हय. म्याच ऐकलं न्हाई."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी ऐकल्या आहेत. त्या चार शब्दांएवढं काही मला जड गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते धडधाकट घरी आले आणि त्यांचे हाल सुरू झाले. सचिनने डालगं माळ्यावर टाकलं आणि शिडीच शेजाऱ्याला देऊन टाकली. विहीणबाईंनी ओढ्याकडचं दार बंद करून त्याला आतून कपाट लावलं. बाबांना आता दिसत नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे सोपानरावांनी शेवटची बारीक ओळ वाचली, तिच्याखाली तक्ता छापणाऱ्याचं नाव होतं तेही वाचलं, आणि खिडकीतून रस्त्यापलीकडच्या ट्रकचा नंबरही सांगितला! डॉक्टर म्हणाले, "यांचं ठीक आहे हो. पण सोबत आलेले काका दाराऐवजी कपाटातून बाहेर जायला बघतायत, त्यांना एकदा बसवा!"

सोबत आलेला काका मीच.

पण डोळे चांगले निघाले तरी ओढा बंद तो बंदच. उलट सचिन म्हणाला, "डोळं चांगलं, म्हंजी डोकं हट्टी झालंय!" तीन पावसाळे सोपानराव शेडसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ट्रक मोजत राहिले. मी गेलो की उठून खुर्ची द्यायचे. चहा मागवायचे. ओढ्याचं नाव काढायचे नाहीत. मी प्रत्येक वेळी ठरवून जायचो, की आज सांगायचंच. "सोपानराव, त्या दिवशी…" अशी सुरुवात केली की ते म्हणायचे, "पाव्हणं, बिस्कुट घ्या." असे मी तीन वर्षांत किती पुडे संपवले असतील! पाप तिथेच राहिलं, साखर तेवढी वाढली.

शेवटी गेल्या श्रावणात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाल्यावर मी थेट कुरुळीला गेलो. बिस्किटाचा पुडा आधीच उचलून मागे लपवला आणि म्हणालो,

"मला त्या बिळात काहीच दिसलं नव्हतं. चष्मा खिशात होता. खेकडा मी त्याआधी फक्त पंचांगात पाहिला होता. तुम्हाला मीच घाला म्हणालो. आणि साप बघून पळालो."

सोपानराव उठले, गोठ्यात गेले, आणि वैरणीमागून काहीतरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं. काळं, लांब, जाड.

"ह्यो तुमचा साप."

हायड्रॉलिक होस, प्रेसला तेल पुरवणारा रबरी पाइप! पाऊण इंची, दोन वायरचा! पुरात कुठल्यातरी शेडमधून वाहून आला असणार. तीस वर्षं मी रोज हाच होस हाताळला. डोळे मिटून नुसत्या वासावरून ओळखला असता, आणि नेमक्या त्या दिवशी डोळे उघडे ठेवून ओळखला नाही!

"मग तुम्हाला चावलं काय?"

"खेकडा. बोटाला लटकल्याला, झटकला म्या."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"टेम्पोत दोनदा बोललो की! मग तुमी डागदरला म्हनालात पाच फुटी. लेकीच्या सासऱ्याला चार मानसांत खोटं कसं पाडायचं, पाव्हणं? लगीन हून सा म्हैनं झाल्यालं. पोर तुमच्या घरात नांदायची हाय." ते हसले. "येक रात झोपलो तितं. पंखा चांगला हुता."

मी होस मांडीवर घेऊन बसलो. नातवंड घ्यावं तसा.

त्याच रविवारी दोन्ही घरं कुरुळीला जेवायला एकत्र होती. मी उभा राहून सगळं सांगितलं. होससुद्धा दाखवला. सचिन आधी हसायला लागला, मग बापाकडे बघून उठला आणि शिडी परत मागायला शेजाऱ्याकडे गेला. बायको म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं." अश्विनीने मात्र वडिलांना वाढलं, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. मी ताटाकडे बघत बसलो. आली तेव्हा तिने माझ्या भातावर आमटी वाढली आणि म्हणाली, "पप्पा, यापुढे मला आधी सांगायचं. मी काय तुम्हाला ओरडले असते का?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तूप वाढत होती.

जाताना मी सोपानरावांना म्हणालो, "आता चांगला जोडीदार बघा. मी शोधू लागतो."

"दुसरा कशाला? तुमी पळालात म्हनून टेम्पो आला. खरंच साप आसता, तर मी तुमच्या पळन्यावरच जगलो आसतो. आन् चष्म्याचं काय, आता तर तुमचं डोळंबी नवं हायती."

तेव्हापासून आम्ही पुन्हा उतरतो. ते काठावर पालथे, मी पाण्यात. "काय दिसतं?" "माहीत नाही!" मी छाती काढून सांगतो. एकदा ती सवय लागली की सुटत नाही, हे मला माहीत नव्हतं. गेल्या रविवारी सतरा बिळं पाहिली. सतरा वेळा मी म्हणालो, "माहीत नाही!" सतराही वेळा सोपानराव खूश होऊन म्हणाले, "शाब्बास, फुडं चला!" उन्हं डोक्यावर आली आणि डालगं रिकामं.

येताना चाकणच्या रस्त्याला एक बाई खेकडे विकायला बसली होती. सोपानरावांनी इकडे तिकडे पाहिलं, डालगं तिच्यापुढे धरलं आणि मला दम दिला, "घरी म्या बोलनार. तुमी गप ऱ्हायचं."

आमच्या घरी अश्विनीने डालगं उघडलं. "अगं बाई, एवढे! तुम्ही धरले?"

"मंग? आमी दोगांनी!" सोपानराव म्हणाले.

तिने एक खेकडा उचलला, उजेडात धरला. त्याच्या दोन्ही नांग्या लाल दोऱ्याने घट्ट बांधलेल्या होत्या, वर गाठसुद्धा सुबक. तिने माझ्याकडे पाहिलं.

"पप्पा? ओढ्यात असे बांधलेले मिळतात?"

तीन वर्षांची फेड करायला याहून चांगली संधी मला पुन्हा मिळाली नसती. मी मान खाली घातली आणि म्हणालो,

"व्याही म्हणतात तर असेल."